निम्म्या फायली

लेबलांच्या फायलींची खिडकी उघडली की कॉम्प्युटर गुदमरायचा. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या वापराची रेघ शंभरावर जाऊन बसायची ती खाली यायचं नाव घ्यायची नाही. माउसचा बाण जागीच रुतायचा.

बोईसरच्या त्या रंगांच्या कारखान्यात सकाळपासून हेच चाललं होतं. फाटकाशी ट्रक उभा होता. पिंपं भरून तयार होती, पण त्यांच्यावर चिकटवायची लेबलं कॉम्प्युटरमध्ये अडकली होती. लेबलांशिवाय बंदरावर माल कोणी घेणार नव्हतं.

शेवटी शेठनी पालघरहून कमलाकांत सरांना बोलावून घेतलं. सरांचा तिथे कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि शेठच्या ऑफिसात काम करणारी हंसा त्याच क्लासात शिकलेली. एडवणची मुलगी. आई मासळी विकायची. हंसाची ही पहिलीच नोकरी.

सरांनी आपल्या फ्लॉपीने व्हायरस शोधला. सापडला नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“फॉरमॅट मारावा लागेल. सगळं पुसून नव्याने विंडोज टाकू.”

“और लेबल?” शेठनी विचारलं.

“तीही जातील. बाहेर काढायची तर खिडकीच उघडत नाही.”

शेठनी कपाळाला हात लावला. “टाइपरायटर ही अच्छा था. ये छोकरी से नहीं होगा.”

हंसाच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“सर, पुसू नका,” ती म्हणाली. “टाइप करताना मशीन अडत नाही. प्रिंटर चालतो. दुसरे फोल्डरही उघडतात. हा एकच उघडला की अडतं. मग दोष मशीनचा कसा? ह्याच्या पोटातच काहीतरी असणार.”

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग खुर्चीवरून उठले.

“बस इथे.”

“मास्तरजी, आप ही करो ना. ट्रक खड़ी है.”

सरांनी हात पाठीमागे बांधले. “ती करते आहे.”

हंसाने काळा पडदा उघडला. तिथे खिडक्या नसतात, नुसत्या टाइप केलेल्या आज्ञा चालतात. तिने त्या फोल्डरातल्या निम्म्या फायली दुसरीकडे हलवल्या आणि तो नवा फोल्डर उघडून पाहिला. अलगद उघडला. उरलेल्या निम्म्या उघडल्या, तर रेघ सरळ वर. मग त्यांच्यातल्या पुन्हा निम्म्या हलवल्या. त्यांच्यातल्या पुन्हा निम्म्या.

सरांना ती काय करते आहे ते मध्येच कधीतरी उमगलं, आणि ते दोन पावलं पुढे सरकले.

शेवटी एकच फाइल राहिली. कारखान्यातल्या पूजेचा फोटो. फ्लॉपीवरून उतरवताना अर्धवट उतरलेला. कॉम्प्युटर दर वेळी त्याचं छोटं चित्र दाखवायला जायचा, अर्ध्यात अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

हंसाने फोटो पुसला. खिडकी उघडली. रेघ तळाला आली.

“मशीनला काय नाय झालं, सर!” ऑफिसात ती कधी असं बोलायची नाही. “मशीन चांगला हाय!”

प्रिंटर करकरायला लागला.

ट्रक फाटकाबाहेर पडला तसे शेठ स्वतः चहा घेऊन आले. “लो मास्तरजी. हंसाबेन को बहुत अच्छा सिखाया आपने.”

“हे मी शिकवलेलं नाही, शेठ.”

सर इतक्या मोठ्याने म्हणाले, की दाराबाहेर रिकामी पिंपं मोजणारा कामगारही वळून पाहू लागला. मग त्यांनी स्टूल ओढून हंसाच्या खुर्चीशेजारी घेतलं, त्यावर बसले आणि खिशातलं पेन काढलं.

“परत एकदा दाखव. सावकाश. उद्या वर्गात सांगायचंय.”