खाऱ्या पाण्याचा कौल

"पाणी थांबलं, तर तो जा म्हणला असं धरायचं. वाहत राहिलं, तर गप माझ्या घरात भाकऱ्या थाप," शिवगंगाबाई सुनेला म्हणाल्या. "हं, विचार आता त्याला."

शिवानी डोक्यावर पदर घेऊन काचेच्या टाकीसमोर उभी होती. चार हात लांब टाकी, आत मिठाचं पाणी, जिवंत पोवळी आणि नऊ मासे. ही सगळी तिच्या नवऱ्याची, अमरनाथची हौस. परळीत लोक नळाची आठ-आठ दिवस वाट बघतात आणि ह्यानं घरात समुद्र आणून ठेवला, असं म्हणत शिवगंगाबाईंनी पोराला जिवंतपणी उभा-आडवा फाडला होता.

गेल्या साली चैत्रात अंबाजोगाईच्या रस्त्यावर अपघातात तो गेला. टाकी चालूच राहिली. सात वाजले की वरचा पांढरा दिवा आपोआप निळा व्हायचा. पाण्यातून आलेला तो उजेड शेजारच्या भिंतीवर, अमरनाथच्या फोटोवर हलायचा आणि फोटोतले ओठ काही बोलल्यासारखे दिसायचे. शिवगंगाबाई तिकडं बघत नसत.

फोटो तरी कुठं निवडून लावला होता? यंदा श्रावणात टाकीचं काम बघणारा हरिओम येऊन गेला, तेव्हा तिथं एक खिळा मोकळा दिसला. मोकळा खिळा घराला बरा नाही, म्हणून टांगला.

खुर्चीत शिवगंगाबाईंचे दीर, भगवानराव बसले होते. माजलगावहून शिवानीला मागणी आली, तिच्यात त्यांनीच मोडता घातला होता. "सून म्हणजे अमरनाथची ठेव हाय, वहिनी. द्या म्हणून त्यानं सांगितलंय का?" शिवानीही तेच धरून बसली. सव्वीस वर्षांची पोर, भिंतीला टेकून दिवस काढायची. पण म्हणायची, "त्यांना विचारल्याबिगर मी उंबरा ओलांडणार न्हाई, आत्याबाई."

मग विचारायचंच. देवाला फूल लावून कौल घेतात, तसा टाकीला लावायचा.

शिवगंगाबाईंच्या पदराखाली अमरनाथचा फोन होता. तो त्याच्याबरोबरच रस्त्यात गेला, असं सगळे समजत. खरं तर तो अमरनाथच्या दुकानाच्या गल्ल्यात सापडला होता. शिवगंगाबाईंनी तो ट्रंकेत ठेवला आणि गुपचूप चार्ज करत राहिल्या. त्यातलं त्यांना एकच कळायचं. माशाचं चित्र दाबलं की टाकीतले पाण्याचे पंखे दहा मिनिटं थांबतात, म्हणजे खाणं वाहून जात नाही. पोरानंच शिकवलं होतं. "तुझी दुसरीबी पुरी न्हाई आई, पण हे तुला जमतंय."

"जाऊ का?" शिवानी पुटपुटली.

शिवगंगाबाईंनी अंगठा टेकवला. फोनवर एक गोल चाक फिरू लागलं. पंख्याला सांगावा गेला, त्या मनात म्हणाल्या.

टाकीतली घरघर थांबली. बोटांसारखी डुलणारी पोवळी जागच्या जागी मान टाकून राहिली.

भगवानरावांनी छताकडं पाहिलं. छताचा पंखा फिरत होता. "लाइट तर हाय की."

"परळीत लाइट हाय, हाच मोठा चमत्कार समजा," शिवगंगाबाई म्हणाल्या.

"एका कौलावर सून देत न्हाईत, वहिनी. तीनदा लागावा."

दुसऱ्या संध्याकाळीही पाणी थांबलं. तिसऱ्या दिवशी भगवानराव टाकीच्या बटनापाशी स्वतः पहाऱ्याला बसले आणि वहिनीला लांब, सैपाकघराच्या दारात उभं केलं. शिवानीनं विचारलं. शिवगंगाबाईंचा अंगठा टेकला न टेकला, तोच पाणी थांबलं. यंत्रालाही सवय होते, असं त्यांना वाटलं.

भगवानरावांनी चपला काढून फोटोला हात जोडले. "बरं बाबा. तुझ्या मनासारखं हू दे."

दिवाळीनंतर लग्न झालं. निघताना शिवानी गळ्यात पडली. शिवगंगाबाईंनी तिला सोडवलं आणि म्हणाल्या, "रडून माझा उंबरा वला करू नको. गाडी कावून थांबवलीस? जा."

त्या दिवसापासून घर त्यांना खायला उठलं. सुनेचं भलं केलं, त्याचं दुःख नव्हतं. पण मेलेल्या पोराच्या तोंडात आपले शब्द घातले, हे गिळवेना. त्याला खरंच जा म्हणायचं होतं का? कोण जाणे, त्याला ती हवीच असेल. संध्याकाळी लिंगपूजेला बसलं की तळहातावरच्या लिंगावर निळा उजेड थरथरायचा. त्या डोळे मिटून घ्यायच्या. मिटल्या डोळ्यांमागं ती घरघर थांबायची.

महिन्याचं पाणी बदलायला हरिओम आला. त्याचं काम होईपर्यंत त्या दारात बसून राहिल्या. मग फोन त्याच्यापुढं धरला.

"पोटात ठिवशील?"

"बोला की, काकू."

"सुनेला घालवायला मी खोटा कौल लावला. पाणी त्यानं न्हाई, मी थांबवलं. ह्या माशाच्या चित्रावरून. तीनदा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "ते चित्र पुसून टाक बाबा. न्हाईतर पुन्हा माझा हात जाईल."

हरिओमनं ओले हात पुसले. चित्र दाबलं. चाक फिरायला लागलं, फिरतच राहिलं. टाकीत पाणी खळखळत होतं.

"ह्याच्यावरून थांबवलं?"

"तर काय. पंख्याचं चाक फिरतंय बघ."

"हे पंख्याचं चाक न्हाई, काकू. फोन डबा हुडकतोय, त्याला सापडंना, म्हणून फिरतंय. फोनचं म्हणणं टाकीला पोचवायला एक पांढरा डबा होता. तो जळाला म्हणून मीच श्रावणात काढून नेला." त्यानं भिंतीकडं बोट केलं. "तुमी भैयाचा फोटो लावलाय ना, तिथं होता."