चार रकाने

नाशकात देवीची साथ आली ते १९३८ साल. पुण्याहून संख्याशास्त्र शिकून आलेला खंडेराव वही घेऊन दारोदार फिरला आणि प्रत्येक घरी एकच विचारत गेला, "घरात कोणी आजारी आहे का?"

विणकरांच्या मोहल्ल्यात लोकांनी होतं ते सांगितलं. त्याच्या स्वतःच्या माळीवाड्यात मात्र दर घरी "नाही" आलं. त्याने चार रकान्यांत आकडे मांडले, काय-स्क्वेअरची कसोटी लावली आणि भर सभेत ठणकावून सांगितलं, "वस्ती आणि आजार यांचा संबंध आहे. हा योगायोग नव्हे!"

दुसऱ्या दिवसापासून माळणी मोहल्ल्यातल्या बायकांना भाजी देईनात.

मोहल्ल्यातले म्हातारे अन्सारचाचा त्याला रस्त्यात भेटले. "साहेब, आम्ही सच बोललो, एवढीच चूक झाली ना?"

खंडेराव खाली मान घालून घरी आला. माळीवाड्यातल्या कितीतरी दारांना कडुलिंबाचे डहाळे टांगलेले होते. त्याच्याही दाराला होता. आत त्याची पुतणी अंगभर फोड घेऊन निजली होती.

"हळू बोल," आई आक्काबाई कुजबुजली. "देवी आल्यात घरी. त्याला आजार म्हणू नये, बाबा."

त्याला ते यादी करतानाही ठाऊक होतं.



माळीवाड्याच्या यादीतलं पहिलं "नाही" त्याने कोणालाही न विचारता लिहिलं होतं, याच घराचं.