स्टोव्हचा मागचा पंखा

स्टोव्हमधल्या लाकडी भुशाच्या गोळ्या पेट घ्यायच्या, पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा काही फिरेना. मग स्टोव्ह नुसता तापून आपोआप विझायचा. सकाळपासून चौथ्यांदा. बाहेर उणे पंचवीस, रस्ते बर्फाने बुजलेले, आणि तीन रजयांखाली आईचे दात वाजत होते. पंखा ठोकून झाला, शिव्या घालून झाल्या. शेवटी थिबोडो मेकॅनिकला रडतच फोन लावला.

"गुरुवारशिवाय जमायचं नाही, बाई. घरात कुत्रं आहे का?"

"होतं," आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी हळूच म्हणाले.

"मग प्लग काढा आणि मागचं झाकण उघडा."

पात्यांमध्ये पिवळ्या केसांची गादीच बसली होती. गारठलेल्या बोटांनी निघाले तेवढे केस उपसले आणि स्टोव्ह पुन्हा पेटवला. पंखा घरघरला, फिरला. आत उरलेले केस तापले आणि खोलीभर कुत्र्याचा वास पसरला.

आईने रजईतून हात काढून पलंगावरून खाली सोडला.

"मूस आला का गं तुझ्या भावाकडून? बरेच दिवस राहिला की."

मूसला पुरलं त्या दिवशी मीच मारलेली थाप. मुठीत त्याचे केस तसेच होते.

"आलाय गं. जरा शेकू दे त्याला."