चंद्रावरचा तिसरा माग

मिहिर घाटकोपरला, मी मुलुंडला. लग्न ठरलं तेव्हाच आम्ही ठरवलं होतं, गेममधल्या या चंद्रावर पहिल्यांदा एकत्रच उतरायचं.

रविवारी दुपारी उतरलो. धुळीत आधीच दोन गाड्यांचे माग होते. एक मिहिरच्या गाडीचा.

"माझ्याशिवाय आलास?"

"अगं गंधाली, तुझ्यासोबतच आलो होतो ना! विसरलीस?"

मी आले नव्हते.

इथे गुरुत्वाकर्षण कमी. एकदम ब्रेक मारला की गाडी उलटते. म्हणून मी वळणाआधी तीनदा हलकेच दाबते. मिहिर मला घाबरट म्हणतो.

दुसऱ्या मागावर प्रत्येक वळणाआधी ब्रेकच्या तीन हलक्या खुणा होत्या.

मिहिरची गाडी पुढे गेली आणि टेकडीवर, दुसरा माग संपत होता तिथे उभ्या असलेल्या गाडीशेजारी थांबली.

त्या गाडीकडे वळून तो हेडफोनमध्ये कुजबुजला, "गंधाली, निघ लवकर. ती आलीये."