सांगायचं कुणी?

ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ खातो, म्हणून टेक्निशियन बाईंनी त्यात एक टूल टाकलं. सुरू होताना तो नेमका कुठे रेंगाळतो, ते त्यात दिसणार होतं. बाकी सगळं झटपट होत होतं. "एका प्रिंटरला हाका मारत बसतो," बाई म्हणाल्या. "ओ येत नाही, की पुन्हा हाक."

तो प्रिंटर तर मागच्याच वर्षी भंगारात गेला होता.

"म्हणजे याला अजून कुणी सांगितलंच नाही?" साहेबांचा आवाज कातर झाला.

"मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल," कारकून पुटपुटला.

शेवटी बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि प्रिंटरचं नाव हळूच पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. साहेबांनी स्वतःचा कोट त्याच्या अंगावर पांघरला. "आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. सावरू दे त्याला."

कारकुनाला राहवेना. "साहेब, माझे वडील गेले तेव्हा मला अर्ध्या दिवसाचीच रजा मिळाली होती."

"हो, पण तुम्ही सुरू झाला होतात ना!"