राखून ठेवलेलं रडणं

तानुबाई मूर्तीच्या पायांशी पोचली, तसा रुपचंद मास्तरांनी मागून घसा खाकरला.

उत्तम शुक्रवारची, वस्तीतल्या बोलीत मोठ्या शुक्रवारची, दुपार होती. क्रुसावरून उतरवलेला लाकडी ख्रिस्त वेदीपुढे चटईवर निजवला होता. दरवर्षी त्याच्याभोवती वस्तीतल्या बाया कोंडाळं करून बसत आणि घरातलं माणूस गेल्यासारख्या हेल काढून अहिराणीत रडत. तानुबाई पुढे, बाकीच्या तिच्या मागोमाग. म्हाताऱ्या जर्मन फादरांना त्यातलं निम्मं कळत नसे, पण तेही पायरीवर बसून डोळे पुसत. मग लढाई लागली. शत्रूचा माणूस म्हणून सरकारने त्यांना उचलून नेलं आणि गोव्याकडचे फादर मिनेझिस आले.

त्यांच्याबरोबर बाकं आली. शाळेतली पोरं लॅटिन गाणी घोकू लागली. अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता आणि शिकवणाऱ्या रुपचंद मास्तरांनाही नव्हता. गेल्या रविवारी फादरांनी वेदीवरून स्वच्छ, पुस्तकी मराठीत सांगितलं, "ज्यांना पुनरुत्थानाची आशा नाही, ते असा आक्रोश करतात. आपण ख्रिस्ती आहोत. यंदा मूर्तीपाशी कोणी रडायचं नाही."

फादर वाईट नव्हते. थंडीत तानुबाईचा पोरगा निंबा तापाने फणफणला होता, तेव्हा त्याच्या उशाशी तेच बसून राहिले होते. पण पोरगा गेला आणि तानुबाईने पहिला टाहो फोडला, तोच त्यांनी हात वर केला. "शांत राहा, तानुबाई. तो देवाघरी गेला." एकुलत्या एका पोराची पेटी पोरांच्या लॅटिन गाण्याबरोबर गुपचूप मातीत गेली. शेजारच्या गावातून आलेले सोयरे एकमेकांकडे बघत राहिले. ज्याच्यामागे कोणी रडत नाही त्याला इकडे बेवारशी म्हणतात.

त्या दिवशी रुपचंद मास्तर तिच्या कानाशी लागले होते. ते तिचे पाठचे भाऊ. "अक्का, आते गप राह्य. मोठा सुक्करवारले रडी ले. तव्हय कोन ना म्हनी?"

भावाच्या शब्दाखातर तिने रडणं राखून ठेवलं. बाई दगड झाली, असं वस्तीत म्हणू लागले. तेही तिने ऐकून घेतलं.

आता ती मूर्तीपुढे गुडघे टेकून बसली होती. लाकडाच्या पायांवरचा रंग उडाला होता. तिने ते पाय दोन्ही हातांत धरले, जसे तापात निंबाचे धरले होते. मागे बाकांवर बायांनी पदर तोंडाशी नेले. तिने तोंड उघडलं.

मास्तरांनी पोरांना खूण केली. पोरं घसा फाडून गाऊ लागली.

तानुबाईचं तोंड क्षणभर तसंच उघडं राहिलं. मग तिने ते मिटलं, पायांवर ओठ टेकवले आणि उठली. जाता जाता तिने भावाकडे पाहिलं. मास्तर पुस्तकाचं पान उलटत होते.

उपासना संपल्यावर फादर दारात उभे होते. चेहऱ्यावर समाधान होतं. "आज इथे पहिल्यांदा खरी शांतता लाभली, मास्तर."

"हो, फादर," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!

वस्तीची वाट पितांबर पाटलाच्या घराच्या मागून जाते. पाटलाची म्हातारी आई सकाळीच गेली होती. पिकलं पान, त्यात लेक अजून सासरहून पोचायची होती. सुना नावाला डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. वाटेवरून चाललेली तानुबाई थबकली आणि सरळ मागच्या अंगणात शिरली. मास्तर तिच्यामागे धावले.

"अक्का, हाई आपलं घर नही. फादरले कळनं तर काय सांगू मी?"

तिने ऐकलं नाही. तिरडी बांधायला आणलेल्या बांबूंजवळ ती मटकन खाली बसली आणि तिने टाहो फोडला.

"मन्हा निंबा रे! मन्हा वाघ! माले टाकीसन कथा गया रे, मन्हा बाप!"

बांबू बांधणाऱ्यांचे हात थांबले. घरातल्या बाया बाहेर आल्या. तानुबाई कपाळ बडवत होती, मातीत हात आपटत होती. पोराला पहिला दात कधी आला, तो कुठल्या विहिरीत पोहायला शिकला, तापात त्याने काय मागितलं आणि तिने कसं दिलं नाही, सगळं ती सुरावर सांगत होती. तिच्या रडण्याने सुनांनाही आता खरंच रडू फुटलं.

"निंबा कोन?" कोणीतरी विचारलं. "गयी तर म्हतारी!"

"किरिस्तावनी तानु शे ती. बाटेल शेतस त्या. तिले उठाडा तठेन, इटाळ व्हई."

मास्तर मान खाली घालून बहिणीचा दंड ओढत होते. तेवढ्यात थोरली सून शेवंताबाई पुढे आली. तानुबाईपासून चार हात लांब उभी राहिली. बराच वेळ तिने ऐकलं, पदराने नाक पुसलं, आणि गोठ्याकडे बोट दाखवलं.

"तथा दूर बैस वं माय," ती म्हणाली. "पन रड. मन भरीसन रड."