भागाबाईची तपासणी

“मी जाणार,” भागाबाई म्हणाली. “आन सुनंदालेही संगं नेणार.”

तोतारामनं चहाची बशी खाली ठेवली. केळीची कापणी तोंडावर आली होती, आणि बायकोचं पुन्हा दवाखान्याचं सुरू झालं होतं.

“आता कायले? शेक घेऊन वरीस होत आलं. काल तू डोक्यावर दोन हंडे घेऊन आली विहिरीवरून. मी पाह्यलं नही का?”

“डॉक्टरीणबाईनं दोन वर्षं सांगितलीत. दर तीन महिन्यांनी. एकदा मुंबई, एकदा जळगाव. खंड पडला नही पाहिजे.”

“मग इथं फैजपूरच्या डॉक्टरले दाखव.”

“तो तापखोकल्याचा डॉक्टर. हे काम त्याचं नही.”

गेल्या दिवाळीनंतर भागाबाईनं एका सकाळी ओसरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय, मुंबईला जावं लागेल. बायकांचं दुखणं. पुरुषांनी माना खाली घातल्या. जास्त कुणी विचारलं नाही. मुलगा निंबा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर होता. सोबतीला सून सुनंदा गेली. शेक, म्हणजे किरणांचे उपचार, संपेपर्यंत दोघी दोन महिने मुंबईच्या धर्मशाळेत राहिल्या. दोन्ही नातू तोतारामनं सांभाळले.

परत आल्यावर भागाबाईचा सासूपणा वाढला. सुनंदानं शेतात जायचं नाही, माझ्याकडे कोण बघणार? रात्री माझ्याजवळ निजायचं, लागलं सवरलं तर हाक कुणाला मारू? निंबा चार दिवस घरी आला, तरी तिनं सुनेला आपल्या खोलीतून हलू दिलं नाही. निंबा धुसफुसला. भागाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दवाखान्याची फाईल ती पेटीत कुलूप लावून ठेवी. निंबानं एकदा वाचायला मागितली, तर म्हणाली, “बायकांचे कागद आहेत. हात लावू नको.”

सुनंदा मात्र पार काडी झाली होती. शेजारच्या सुमनबाईनं भर गल्लीत तोंड सोडलं, “भागाबाई, दुखणं तुझं आन वाळली तुझी सून!”

“माझी सून आहे. मी पाहीन,” भागाबाई म्हणाली आणि पुढं चालू लागली.

तोतारामला हे सगळं आठवलं आणि त्याचा आवाज चढला. “त्या पोरीची दया कर जरा. परक्याची लेक आहे. तुझ्या दवाखान्यापायी तिचे काय हाल करू राह्यली तू?”

भागाबाईनं त्याच्यापुढची बशी उचलली.

“परक्याच्या लेकीची दया तुमाले केव्हापासून यायला लागली? कुंदाबाईच्या येळी कुठं गेली होती?”

कुंदाबाई ही तोतारामच्या भावाची, रुपचंदची सून. चार वर्षांपूर्वी तिला क्षय निघाला. घरात लेकरं आहेत म्हणून तिला धुळ्याला, माहेरी पोचवायचं ठरलं. पोचवायला तोतारामच गेला होता. औषधं घेऊन ती खडखडीत बरी झाली, पण आणायला कुणी गेलं नाही. रुपचंदच्या पोरानं दुसरी केली. त्यात आपलं काही चुकलं असं तोतारामला अजूनही वाटत नव्हतं.

“तो इषय वेगळा. घर पाहावं लागतं,” तो म्हणाला.

“मले तसं पोचवता येत नही, म्हणून राग येऊ राह्यला का?”

तोताराम उठला. “ठीक. मीही येतो. त्या डॉक्टरणीलेच विचारतो, हे किती दिवस चालायचं ते.”

सुनंदा चुलीपुढून उठून दारात आली. तिचा चेहरा उतरला होता. “आत्या, राहू द्या या खेपेला. पुढच्या महिन्यात पाहू.”

“तू गप. तारीख ठरली म्हणजे ठरली.” मग भागाबाई नवऱ्याकडे वळली. “चला तुम्ही. आजवर मी नको म्हणत होते, आता मीच म्हणते, चला. पण तिथं जे कानावर पडेल, ते ऐकायची छाती ठेवा.”

गुरुवारी सकाळच्या एसटीनं तिघं निघाले. भागाबाई ताठ बसली होती, भांडायला निघाल्यासारखी. सुनंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एवढ्या धाकात राहते बिचारी, तोतारामच्या मनात आलं. आज हिचीही सुटका करून टाकू.

जळगावच्या दवाखान्यात बाकावर सातआठ बायका होत्या. तोताराम मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. बाई, आमची ही धडधाकट आहे. हिला एकदा सांगून टाका, आता येऊ नको म्हणून. सुनेचा जीव मेटाकुटीला आलाय.

दार उघडून नर्स बाहेर आली. तिनं हातातल्या यादीवर नजर टाकली.

“सुनंदाबाई निंबा चौधरी. मागचा रिपोर्ट घेऊन आत चला. तपासायच्या टेबलावर झोपून राहा, मॅडम येतायत.”

तोताराम लगबगीनं उभा राहिला. “सिस्टर, नावात घोटाळा झाला तुमचा. ती सून आहे, सोबतीला आलीय. पेशंट ही.”

नर्सनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“नाव बरोबर आहे, सिस्टर,” भागाबाई बाकावरून न हलता म्हणाली, आणि तिनं फाईल सुनंदाच्या हातात दिली.